सोलर बसवलं, नेट मीटर लागला, तरी बिल येतंयच? छतावर चढायच्या आधी हे आकडे जुळवा

गेल्या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे. नात्यातले, कॉलनीतले, बायकोच्या ऑफिसातले, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर बिलाचा फोटो टाकतात आणि खाली लिहितात, "तीन किलोवॅट बसवलंय, झिरो येईल म्हणाले होते, हे काय आलंय बघ जरा." मी काही इंजिनिअर नाही, बँकेत आहे, पण आकडे जुळेपर्यंत झोप न येण्याची खोड आहे आणि स्वतःच्या घरावर २०२२ पासून सोलर आहे, त्यामुळे जे काय शिकलो ते बिलं वाचूनच शिकलो. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय.

पहिलं सांगतो, बिल जास्त आलं की लोक आधी पॅनल धुवायला वर चढतात. नका चढू. पॅनलवर धूळ बसल्याने थोडं उत्पादन कमी होतं हे खरंय पण त्याने बिल दुप्पट होत नाही, बिल दुप्पट झालंय म्हणजे घोळ खाली आहे, मीटरच्या पेटीत नाहीतर बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये. माझ्याकडे आलेल्या केसेसमध्ये पॅनलचा दोष फार क्वचित निघाला.

आधी गैरसमज काढून टाका

इन्व्हर्टर म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, त्याच्या अ‍ॅपमध्ये दिसतं ते जनरेशन, म्हणजे तयार झालेली एकूण वीज, आणि बिलात येतो तो एक्स्पोर्ट, म्हणजे तुमच्याकडून बाहेर कंपनीला गेलेली वीज. हे दोन आकडे कधीच सारखे येणार नाहीत, यायलाही नको. दुपारी पॅनल दोन किलोवॅट देतंय आणि घरात त्याच वेळी एसी चालू आहे तर ती वीज मीटरपर्यंत पोचतच नाही, घरातच खपते. नेट मीटरला फक्त उरलेली बाहेर गेलेली वीज कळते आणि बाहेरून आत आलेली, म्हणजे इम्पोर्ट, कळते. बास. मधलं त्याला काही दिसत नाही.

आमच्याच एका महिन्याचे आकडे देतो म्हणजे डोक्यात बसेल. अ‍ॅपमध्ये जनरेशन ३७२ युनिट. मीटरवर इम्पोर्टचं मागचं रीडिंग ४८१२, चालू ५०४६, म्हणजे आत आलं २३४. एक्स्पोर्टचं मागचं ३३९०, चालू ३६५५, म्हणजे बाहेर गेलं २६५. आता ३७२ मधून २६५ गेले तर १०७ युनिट घरातच वापरले, आणि घराचा खरा एकूण वापर २३४ अधिक १०७ म्हणजे ३४१. बिल कशावर? २३४ वजा २६५, म्हणजे उणे ३१. बिलाचं युनिट शून्य आणि ३१ युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात. मावसभाऊ महिनाभर माझ्याशी भांडत होता की अ‍ॅपमध्ये ३५० दिसतायत आणि कंपनीने २२० च धरले, १३० युनिट खाल्ले. खाल्ले नाहीत रे बाबा, तुझ्या गिझरने आणि वॉशिंग मशीनने खाल्ले, आणि त्याचे पैसे तुझेच वाचले.

दुसरा गैरसमज झिरो बिलाचा. नेट युनिट शून्य झाले तरी स्थिर आकार जात नाही. सिंगल फेजला महिन्याला शंभराच्या वर, थ्री फेजला चारशेच्या वर असतो, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क. तेव्हा थ्री फेजवाल्याला एकही युनिट न लागता पाचशेच्या आसपास बिल आलं तर तो घोळ नाही. सोलर विकणारे हे सांगत नाहीत कारण "झिरो बिल" हा शब्द बॅनरवर बरा दिसतो.

नियम काय म्हणतो

फार खोलात जात नाही, पण भांडायचं असेल तर एवढं तोंडपाठ हवं. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे पहिले नियम २०१५ ला काढले, मग ते बदलून डिसेंबर २०१९ मध्ये रूफटॉपचे नवे नियम आले, तेच सध्याचा पाया आहेत. त्या वेळच्या मसुद्यात नेट मीटरिंगवर मर्यादा घालून नेट बिलिंग आणायचा बेत होता, म्हणजे तुम्ही दिलेली वीज स्वस्तात विकत घ्यायची आणि तुम्हाला लागणारी स्लॅबच्या दराने द्यायची. लोकांनी हरकतींचा पाऊस पाडला आणि घरगुती ग्राहकाचं नेट मीटरिंग वाचलं. हे नियम राज्यातल्या सगळ्या वितरण कंपन्यांना लागू आहेत, महावितरण असो, मुंबईतली बेस्ट असो, अदानी असो नाहीतर टाटा. गोव्याच्या मंडळींनी मात्र हे जसंच्या तसं धरू नये, तिकडे गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांचा संयुक्त आयोग आहे आणि त्याचे नियम वेगळे. बेळगाव, इंदूर, बडोद्यातल्यांचंही तेच, ज्याच्या त्याच्या राज्याचा आयोग.

मुख्य मुद्दे असे की सोलरची क्षमता तुमच्या मंजूर भाराच्या (कंपनीने तुमच्या कनेक्शनला मंजूर केलेल्या किलोवॅटच्या) मर्यादेत असायला हवी, त्या महिन्यात बाहेर दिलेले युनिट आत घेतलेल्या युनिटमधून वजा व्हायला हवेत, जास्तीचे दिले असतील तर ते युनिट म्हणूनच पुढच्या महिन्यात ओढले जावेत, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की उरलेली शिल्लक कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि खातं शून्यावर येतं. या शेवटच्या वाक्याने जेवढे लोक दुखावलेत तेवढे कशानेच नसतील, त्याच्यावर खाली वेगळं लिहिलंय.

केंद्राचे ग्राहक हक्कांचे नियम २०२० चे आहेत, त्यात फेब्रुवारी २०२४ ला दुरुस्ती झाली. त्यातलं आपल्या कामाचं म्हणजे १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यता तपासायची गरज नाही, तो मंजूरच धरायचा, आणि मंजूर भार कमी पडत असेल तर वाढवून देण्याचं काम कंपनीचं. ५ किलोवॅटपर्यंत लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर सुधारायला लागला तर तो खर्चही कंपनीचा. आणि बसवून झाल्याचा दाखला दिल्यापासून मीटर लावून चालू करून द्यायला १५ दिवस, आधी हे ३० होते. कुणी काउंटरवर "व्यवहार्यता पेंडिंग आहे" म्हणून तीन किलोवॅटवाल्याला फिरवत असेल तर हे वाक्य शांतपणे म्हणून दाखवा. माझा अनुभव असा की आवाज चढवल्यापेक्षा तारीख सांगितल्याने जास्त फरक पडतो.

घोळ पहिला: नेट मीटर यायच्या आधीच सोलर चालू केलं

हा मी स्वतः खाल्लाय. आमच्या वेंडरने पॅनल लावले आणि "टेस्टिंगला चालू ठेवतो साहेब" म्हणून स्विच वर करून गेला. मला काय, छान वाटलं, अ‍ॅपमध्ये हिरवी रेषा वर जातेय. अकरा दिवस चालू होतं. बिल आलं ते नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. कारण जुना साधा मीटर वीज कुठल्या दिशेला जातेय ते बघत नाही. हे मीटर वीजचोरी पकडता यावी म्हणून असे बनवलेले असतात की उलटी वीज गेली तरी आकडा पुढेच पळतो. म्हणजे मी फुकटात वीज बाहेर दिली आणि वर तिचेच पैसे भरले. माठ तो माठच. वेंडरला फोन केला तर म्हणाला "असं होत नाही साहेब". होतं.

या पैशांचं परत काही मिळत नाही असंच धरून चाला, कारण करारही झालेला नसतो आणि मीटरही. म्हणून नेट मीटर लागून सील होईपर्यंत सोलरच्या एसी बाजूचा (इन्व्हर्टरकडून घराकडे येणाऱ्या लाइनचा) एमसीबी, म्हणजे तो छोटा सेफ्टी स्विच, खाली म्हणजे खालीच, वेंडर काहीही म्हणो.

घोळ दुसरा: मीटर लागला पण बिलिंगला पत्ताच नाही

हा सगळ्यात कॉमन. मीटर नवीन, डिस्प्लेवर एक्स्पोर्ट छान दिसतोय, पण बिलात एक्स्पोर्टचा रकानाच नाही, किंवा रकाना आहे आणि शून्य आहे. याचा अर्थ मीटर लावणाऱ्याचं काम झालं, पण तुमच्या ग्राहक क्रमांकावर सोलर ग्राहक असल्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये पडलेली नाही, किंवा एक्स्पोर्टचं सुरुवातीचं रीडिंग भरलेलं नाही, त्यामुळे सिस्टीम फक्त इम्पोर्ट धरून बिल काढतेय. पहिल्या बिलात थोडी गडबड होऊ शकते कारण अर्धा महिना जुना मीटर असतो. पण दुसऱ्या बिलातही तेच असेल तर थांबू नका.

यावर उपाय अगदी साधा पण वेळखाऊ आहे. मीटर बदलल्याची जी स्लिप देतात तिची झेरॉक्स, नेट मीटरिंग कराराची प्रत, दोन्ही रीडिंगचे तारखेसकट फोटो, आणि लेखी अर्ज. अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा आणि तिच्यावर आवक शिक्का घ्या, शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. अर्जात मागणी स्पष्ट लिहा की अमुक तारखेपासून एक्स्पोर्टची वजावट धरून बिलं सुधारून द्यावीत. "बिल जास्त आलंय, बघावं" असं लिहिलं की ते बघतात आणि "बरोबर आहे" म्हणतात.

आणि एक, तोपर्यंत बिल भरायचं का? भरा, किमान नेहमीचं जेवढं येतं तेवढं तरी वाद आहे असं लेखी कळवून भरा. वीज तोडायची नोटीस आली की मग मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि सगळी धावपळ तिच्याचमागे होते.

घोळ तिसरा, आणि हाच हल्ली वाढलाय: मीटर बदलला आणि एक्स्पोर्ट गोठला

शेजारच्या काकांची गोष्ट सांगतो. त्यांचं सोलर दोन वर्षं व्यवस्थित चाललेलं, मग एक दिवस माणसं आली आणि जुना नेट मीटर काढून स्मार्ट मीटर लावून गेली. काका दुपारी झोपलेले, काकूंनी सही केली. पुढचं बिल आलं ते बघून काकांचं बीपी वाढलं. मी गेलो, बटण दाबून दाबून डिस्प्ले बघितला, तर एक्स्पोर्ट नावाची चीज शून्यावर आणि महिनाभरात जागची हललेलीच नाही. काका म्हणाले "इन्व्हर्टर बिघडला". इन्व्हर्टर तर हिरवा लाइट लावून मजेत बसलेला.

मग आम्ही दिवसभर रीडिंग लिहिलं. सकाळी ९ ला इम्पोर्ट ४१८, दुपारी ३ ला ४२९. घरात फक्त फ्रिज आणि एक पंखा. कडक ऊन. सहा तासांत ११ युनिट कशाने जळतील? अ‍ॅप सांगत होतं की त्या सहा तासांत १२ युनिट तयार झाले. एक घरात लागला, अकरा बाहेर गेले, आणि मीटरने ते अकराच्या अकरा इम्पोर्टमध्ये टाकले. म्हणजे नवीन मीटर आतून एकतर्फी सेटिंगवरच होता, घोळ पहिला होता तोच पण दोन वर्षांनी. आणि हा दुहेरी मार आहे हे लक्षात घ्या, २५० युनिट वजा व्हायच्या ऐवजी मिळवले गेले तर बिलात फरक ५०० चा पडतो, आणि आपल्याकडे १००, ३००, ५०० असे स्लॅब असल्याने वरचे युनिट सगळ्यात महागड्या दराने लागतात.

म्हणून ही टेस्ट प्रत्येकाने मीटर लागल्या दिवशीच करून घ्या, पाच रुपये खर्च नाही. भर दुपारी, ढग नसताना, घराचा मेन एमसीबी खाली करा पण सोलरचा चालू ठेवा. सोलरची लाइन मेन आणि मीटरच्या मध्ये जोडलेली असते तिथेच हे जमतं, जोडणी मेनच्या आत असेल तर मेन पाडू नका, नाहीतर इन्व्हर्टरही बंद पडेल, त्यापेक्षा घरातले बाकीचे सगळे एमसीबी एकेक करून खाली करा. मग मीटरवर इम्पोर्ट आणि एक्स्पोर्टचे फोटो काढा. बऱ्याच मीटरवर बाजूला छोटा कोड येतो, १.८.० म्हणजे इम्पोर्ट आणि २.८.० म्हणजे एक्स्पोर्ट. अर्ध्या तासाने परत फोटो. इन्व्हर्टर दोन किलोवॅट दाखवत असेल तर अर्ध्या तासात एक्स्पोर्ट साधारण एका युनिटने वाढला पाहिजे आणि इम्पोर्ट जागेवर पाहिजे. एक्स्पोर्ट जागेवर आणि इम्पोर्ट वाढला तर सेटिंग चुकीचं. दोन्ही जागेवर असतील तर वीज बाहेर जातच नाहीये, इन्व्हर्टरकडे बघा. एक्स्पोर्ट वाढतोय पण बराच कमी वाढतोय आणि कनेक्शन थ्री फेज आहे तर एखाद्या फेजची वायर किंवा सीटी (मीटरसाठी करंट मोजणारी कॉइल) उलटी लागलीय का याचा संशय घ्या, पण संशयच घ्या, सीलला हात लावू नका. सील तुटलं की तुम्ही तक्रारदाराचे आरोपी होता.

मीटर बदलायला कोणी आलं तर त्यांना हसतमुखाने पाणी द्या आणि जुना मीटर निघायच्या आधी त्याच्यावरच्या दोन्ही रीडिंगचा फोटो काढा. दोन्ही. लोक इम्पोर्टचा काढतात आणि एक्स्पोर्टचा विसरतात, मग जुन्या मीटरचा शेवटचा एक्स्पोर्ट काय होता ते सांगायला कोणी उरत नाही, मीटर तर स्टोअरला गेलेला असतो. स्लिपवरही दोन्ही आकडे लिहून घ्या. आणि पुढच्या बिलात मागची शिल्लक युनिट ओढून आलीयत का ते बघा, मीटर बदलला म्हणून खातं शून्यावर यायचं कारण नाही.

काकांच्या बाबतीत पुढे काय झालं, तर अर्ज दिला, फोटो जोडले, पंधरा दिवस काही नाही, मग परत गेलो. २०२४ च्या दुरुस्तीत असं आहे की मीटरचं रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी तक्रार असेल तर पाच दिवसांत कंपनीने शेजारी दुसरा जादा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने तो ठेवून पडताळायचं. हे लिहून दिल्यावर मात्र हालचाल झाली. जादा मीटर लावायची वेळच आली नाही, एक जण लॅपटॉप घेऊन आला, मीटरचं सेटिंग बदललं, वीस मिनिटांचं काम. बिलं सुधारायला त्यानंतर दोन महिने लागले, मधल्या काळाचा एक्स्पोर्ट इन्व्हर्टरच्या जनरेशनवरून आणि आधीच्या वर्षीच्या वापरावरून काढला. काकांना अ‍ॅपचा पासवर्डच माहीत नव्हता, वेंडरच्या नावाने अकाउंट होतं, ते मिळवण्यातच एक आठवडा गेला. तेव्हा अ‍ॅप स्वतःच्या मोबाइल नंबरवर आजच करून घ्या.

रीडिंगच घेतलं नाही

याला जास्त घाबरू नका. मीटर रीडर आला नाही, गेटला कुलूप होतं, की सरासरी बिल येतं आणि त्यात एक्स्पोर्ट धरलेला नसतो. पण मीटरवरचे दोन्ही आकडे एकूण बेरजेचे असतात, ते कुठे जात नाहीत, पुढच्या महिन्यात खरं रीडिंग आलं की सगळं एकदम वजा होतं. सलग दोन महिने सरासरी आली तर मात्र स्वतः रीडिंग पाठवा, त्यासाठी अ‍ॅपमध्ये सोय असते. १९१२ वर तक्रार करून नंबर घेऊन ठेवा.

इन्व्हर्टर दुपारीच बंद पडतो

हा खरं तर नेट मीटरिंगचा प्रश्न नाही पण बिलावर उठतो म्हणून लिहितो. वीज गेली की सोलर पण बंद होतं, हे बिघाड नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे, लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून. ज्यांच्याकडे दिवसा भारनियमन असतं त्यांनी उत्पादनाचा हिशोब करताना ते तास वजाच धरावेत.

पण वीज आहे आणि तरी बारा ते दोन इन्व्हर्टर मधेमधे लाल होतोय, एरर ग्रिड ओव्हरव्होल्टेजचा आहे, तर टेस्टर नको, मल्टिमीटर असलेला माणूस बोलवा. दुपारी इन्व्हर्टरच्या टोकाला आणि मीटरच्या टोकाला व्होल्टेज मोजा. इन्व्हर्टरपाशी २६० आणि मीटरपाशी २४० असेल तर मधली केबल बारीक आहे किंवा जॉइंट ढिला आहे, वीज बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला व्होल्टेज चढवावं लागतंय, आणि तो खर्च वेंडरचा. मीटरपाशीच व्होल्टेज चढलेलं असेल तर लाइनचा प्रश्न, कंपनीला कळवा, २३० च्या वर ६ टक्क्यांच्या पलीकडे जायला नको असं मानक आहे. गल्लीत पाच-सहा घरांवर सोलर झालं की शेवटच्या घराला हा त्रास होतो.

आणि आता एप्रिलचं दुखणं

दर एप्रिलला फोन येतात. "फेब्रुवारीत ३८० युनिट शिल्लक होते, एप्रिलच्या बिलात एकही नाही, चोरले." चोरले नाहीत, ३१ मार्चला खातं बंद झालं. त्याचे पैसे बिलात जमा झालेले असतात, शोधा म्हणजे सापडतील, पण तो दर तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये वाचवता त्या दरापेक्षा बराच कमी असतो त्यामुळे रक्कम बघून वाईट वाटतं.

मला यात खटकतं ते वेगळंच. आपल्या हवामानाचं चक्र बघा. पावसाळ्यात जुलै-ऑगस्टला उत्पादन निम्म्यावर येतं, कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याहून खाली. ऑक्टोबरपासून ऊन स्वच्छ, पंखे-एसी बंद, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी शिल्लक साठत जाते. आणि नेमकं उन्हाळा तोंडावर आला, एसी काढायची वेळ झाली, की साठलेलं सगळं शून्य. हिशोबाचं वर्ष सप्टेंबरात संपत असतं तर हाच ग्राहक फायद्यात राहिला असता, पण आर्थिक वर्ष आपल्या छतासाठी बनवलेलं नाही, काय करणार.

याला दोन गोष्टी करता येतात. एक, सोलर घेतानाच वर्षाचा वापर बघून क्षमता ठरवा, उन्हाळ्याच्या एका बिलावरून नको. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट धरा, म्हणजे महिन्याला १२०. बारा बिलांची बेरीज करून बारा महिन्यांनी भागा. २५० युनिटच्या घराला दोन किलोवॅट पुरतं. पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार असं मिळून ७८ हजार अनुदान आहे, त्यामुळे सगळ्यांनाच तीन विकलं जातं, पाच विकलं जातं, अनुदान मात्र तीनवरच थांबतं. जास्तीची शिल्लक दर मार्चला स्वस्तात जाणार असेल तर तो चौथा-पाचवा किलोवॅट कशाला?

दोन, शिल्लक आहेच तर फेब्रुवारी-मार्चमध्ये वापरा. गॅस वाचवून इंडक्शनवर स्वयंपाक करा, गिझर लावा, ई-स्कूटर घरीच चार्ज करा. आमच्याकडे मार्चमध्ये आई रोज विचारते, "आज संपवायचंय का लाइट?" आणि पापड-कुरडयांचं सगळं शिजवणं इंडक्शनवर होतं.

दुकान किंवा वर्कशॉपला वेळेनुसार दर असतील त्यांचं गणित अजून वेगळं. ज्या वेळेच्या खान्यात वीज दिली ती आधी त्याच खान्यातल्या वापरातून वजा होते, आणि उरलेली स्वस्त वेळेत दिली असं धरतात. संध्याकाळच्या महागड्या वेळेतलं बिल दुपारच्या विजेने पूर्ण फिटेल अशा भरवशावर राहू नका, बिलावर खान्यांप्रमाणे इम्पोर्ट-एक्स्पोर्ट वेगळा छापलेला असतो तो वाचा.

कुठेच दाद लागली नाही तर

कार्यालयात लेखी तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येतं, वकील लागत नाही. त्यांचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे, एक मुंबईत आणि एक नागपूरला आहे. एक्स्पोर्ट न धरल्याची केस कागद नीट असतील तर फार अवघड नसते, कारण सगळं आकड्यांत आहे आणि आकडे त्यांच्याच मीटरचे आहेत. मीटर सदोष निघाला तर दुरुस्ती जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांची होते. पण मीटर बरोबर आहे आणि बिलिंगला नोंदच नाही, हा मीटरचा दोष नाही, हिशोबाची चूक आहे. त्यामुळे कोणी तीन महिन्यांवर बोळवण करायला लागलं तर हा फरक लेखी दाखवा.

मला विचारायचं असेल तर नुसता बिलाचा फोटो टाकून "बघ जरा" लिहू नका. मागच्या आणि या महिन्याची इम्पोर्ट-एक्स्पोर्टची चारही रीडिंग, त्या महिन्याचं अ‍ॅपमधलं जनरेशन, मीटर शेवटचा कधी बदलला ती तारीख, आणि दुपारच्या टेस्टचे अर्ध्या तासाच्या अंतराने काढलेले दोन फोटो. एवढं असेल तर चहा संपायच्या आत उत्तर देतो, नसेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.